दोन वाजता कोण कुठे होतं?

मंगळवारी संध्याकाळी सव्वापाचला सुनेने कोल्ड रूमचं दार ओढलं आणि पायाशी सासू पडलेली दिसली.

अंगात पातळ पांढरा कोट, ओठ काळेनिळे, उजव्या हाताची नखं रक्ताने माखलेली. दाराच्या आतल्या बाजूला बाहेर पडण्यासाठी एक दट्ट्या असतो. त्या जागी नुसतं भोक होतं. आत चार अंशांची थंडी, आणि बाई तिथे सव्वातीन तास होत्या. हाका मारल्याच असणार, पण कॉम्प्रेसरच्या घरघरीत हाक कुणाला ऐकू जाते! मोबाइल बाहेरच्या ट्रेमध्ये पडलेला. लॅबमध्ये मोबाइल न्यायचा नाही, हा नियमही त्यांचाच.

धुगधुगी होती, एवढंच.

बुधवारी सकाळी नऊला इन्स्पेक्टरबाई लॅबच्या पायऱ्या चढल्या तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये बाईंच्या मुलाचा सही केलेला जबाब होता. 'हे माझ्या बायकोनेच केलं आहे,' असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. वरून साहेबांचा फोन झाला होता. सासू-सुनेचं भांडण आहे, नवऱ्याचा जबाब आहे, आता कसला घोळ घालता? बारापर्यंत सुनेला आत घ्या.

इन्स्पेक्टरबाईंना कुणी घाई केली की त्या मुद्दाम सावकाश होत. खात्यात त्यांचं कुणाशी पटत नसे ते याच गुणामुळे.

पाण्याची आणि अन्नाची तपासणी करणारी ती छोटी लॅब. मालक परगावी. रोज कामाला माणसं चारच. मोठ्या बाई, म्हणजे कोल्ड रूममध्ये सापडलेल्या. त्यांची सून. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा एक तपासनीस, ज्याला सगळे चष्मा म्हणत. आणि मॅनेजर, जो मालकांचा मेहुणा होता आणि तसं सांगितल्याशिवाय त्याचं एकही वाक्य पुरं होत नसे.

"मालक माझे मेहुणे," त्याने हात पुढे करत म्हटलं. "ही शिस्त मी आणली. बघा."

भिंतीवर मोठा स्क्रीन होता. त्यावर चौघांचा दिवस चार उभ्या रांगांत मांडलेला, रंगीत चौकोनांत. निळा म्हणजे तपासणी, हिरवा म्हणजे साफसफाई, केशरी म्हणजे नोंदी. प्रत्येक कामाला त्याचा ब्लॉक, प्रत्येक ब्लॉकला त्याची वेळ. काय करू, हा प्रश्नच कुणाला पडायला नको.

"आणि मधल्या या पांढऱ्या पट्ट्या?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

मॅनेजरच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कामचोरी, दुसरं काय! दहाचं काम दहा-पन्नासला संपवायचं आणि पुढचं अकराला धरायचं. दर वेळी दहा मिनिटं खायची. हात धुतो म्हणे. अहो, हात धुवायला दहा मिनिटं लागतात? सहा महिने सांगतोय, पांढरं दिसलं की माझं डोकं फिरतं. पण मोठ्या बाई ऐकतील तर शपथ."

"म्हणजे तुमचं त्यांच्याशी पटत नव्हतं."

"त्यांचं कुणाशी पटत होतं? सुनेला विचारा. काल सकाळी दोघी सॅम्पलच्या खिडकीशी अशा भांडत होत्या की ग्राहक परत गेला." त्याने आवाज उतरवला. "मी दीड ते साडेतीन केबिनमध्ये फोनवर होतो. दोन ग्राहक साक्षीला आहेत. दोनला बाई आत गेल्या ना? मग झालं तर."

इन्स्पेक्टरबाईंनी त्याला बाहेर बसवलं.

चष्मा आत आला तो कामावरूनच उठून. बोलण्याआधी त्याने हातातले ग्लोव्ह्ज काढले. मनगटापाशी चिमूट धरून एक सोलून उलटा केला, तो दुसऱ्या मुठीत धरला, दुसरा त्याच्यावरून उलटा सोलला. दोन्हींचा एक चेंडू झाला आणि पिवळ्या डब्यात पडला. मग बेसिनशी जाऊन तो कोपरापर्यंत हात धूत राहिला. कोट बदलला. इन्स्पेक्टरबाई घड्याळ बघत बसल्या. नऊ मिनिटं झाली.

"बाहेरच्या माणसाला ताटकळत ठेवायची पद्धत दिसते तुमच्याकडे."

"जंतू घेऊन बसू का तुमच्यासमोर?" तो फटकन म्हणाला. "बसतो, चालत असेल तर."

"काल दोनला कुठे होतात?"

"इथेच. दोन ते चार-पन्नास सूक्ष्मदर्शकाशी. ब्लॉक बघा माझा."

"मोठ्या बाई दिसत नाहीत, हे लक्षात नाही आलं?"

"स्क्रीनवर त्या बाहेर होत्या. 'बाहेर, सॅम्पल आणायला', पाचपर्यंत. म्हटलं, बरं झालं, पाचपर्यंत शांतता."

"दट्ट्या कधी पाहिलात शेवटचा?"

"पावणेएकला. आत जाऊन आलो, दट्ट्या दाबूनच बाहेर पडलो. तेव्हा जागेवर होता."

"एक ते दोन, जेवायच्या सुट्टीत?"

"टेबलावर डोकं टेकून झोपलो. एकटाच. नाही, साक्षीदार नाही. झोपेला साक्षीदार ठेवत नाही मी."

"सुनेबद्दल काय म्हणता?"

त्याने खांदे उडवले. "तिच्या सहीचा एक रिपोर्ट बाई दोन दिवस उघडून बसल्या होत्या. कुठल्याशा शाळेच्या टाकीचं पाणी. काल तीनला मालकांशी बोलणार होत्या. तिची नोकरी जाणार होती, एवढं कुणालाही कळत होतं."

"रिपोर्ट टाइप कोण करतं?"

"मॅनेजरच्या ऑफिसातून होऊन येतात. आम्ही वहीत आकडा लिहितो, बस्स."

इन्स्पेक्टरबाईंनी वही मागवली. शाळेच्या टाकीचं पान काढलं. सुनेच्या बारीक अक्षरात एक आकडा होता आणि त्याच्याखाली दोनदा रेघ मारून लिहिलं होतं, 'पिण्यास अयोग्य.' रिपोर्ट काढला. तिथे दुसराच आकडा, 'पिण्यास योग्य.' तपासणाऱ्याचं नाव सुनेचं, आणि वर तिच्या सहीचा शिक्का. त्यांनी दोन्ही कागद फाइलमध्ये ठेवले आणि सुनेला बोलावलं.

सून आली. रात्रभर ती दवाखान्याच्या बाकावर होती. सकाळी नवऱ्याने तिला तिथूनही हाकलून दिलं होतं. पाच वर्षांच्या मुलीला तो बहिणीकडे घेऊन गेला होता आणि बजावून गेला होता, की तू आता त्या घरात पाऊल टाकायचं नाहीस, पोरीचं तोंड बघायचं नाहीस.

"सकाळी भांडण कशावरून झालं?"

"त्या रिपोर्टवरून. आई म्हणाल्या, वही नीट लिहितेस आणि सहीचा शिक्का वाऱ्यावर सोडतेस, अक्कल गहाण टाकलीस का? चारचौघांत. ग्राहकासमोर."

"मग?"

"मग म्हणाल्या, आज तीनला मालकांना सगळं सांगणार आहे. तू तोंड बंद ठेव."

"म्हणजे तुमची तक्रार."

"दुसरं काय असणार?" तिचा आवाज फाटला. "लग्नाला सहा वर्षं झाली. माझ्या चपात्यांपासून माझ्या अक्षरापर्यंत सगळं त्यांना खुपतं. मला त्यांचा राग येतो. हो, येतो. लिहून घ्या. काल तर मनात आलं, ही बाई आज कुठे गायब झाली तर बरं."

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदाराची पेन्सिल थांबली. इन्स्पेक्टरबाईंनी त्याला मानेनेच सांगितलं, लिही.

"रोज अडीचला तुम्ही सॅम्पल कोल्ड रूममध्ये ठेवता. काल का नाही ठेवली?"

"ब्लॉक बदलला होता. सुट्टीनंतर येऊन बघते तर कोल्ड रूम सव्वापाचला टाकलेली. दोन-वीसला सॅम्पल घेऊन झाली की चारपर्यंत ऑटोक्लेव्हमध्ये भांडी वाफवायची, चारला लगेच नोंदी, सव्वापाचला लगेच कोल्ड रूम. एकाला एक चिकटवलेलं. सॅम्पल बर्फाच्या पेटीत ठेवून मी पळतेय नुसती."

"कुणी बदलला?"

"मला वाटलं, आईंनीच. बदलतात आणि सांगत नाहीत. म्हटलं, सकाळचा राग काढलाय. हात धुवायलासुद्धा फट ठेवली नव्हती मला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं."

"विचारायचं होतं."

"आधी मोजणीचा ब्लॉक, मग त्या 'बाहेर' होत्या ना स्क्रीनवर. आणि खरं सांगू? मला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं." ती खाली बघत राहिली. "विचारलं असतं तर अडीचला दार उघडलं असतं मी."

इन्स्पेक्टरबाईंनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. धीर देणं त्यांना जमत नसे.

अकराच्या सुमाराला त्यांनी मालकांना फोन लावला. मालक चिडलेले होते. काल तीनची वेळ बाईंनीच मागितली होती, 'एका रिपोर्टबद्दल बोलायचंय, फोनवर फक्त तुमच्याशी' एवढंच सांगून. दुपारी ती वेळ त्यांच्या कॅलेंडरमधून आपोआप निघून गेली. त्यांना वाटलं, बाईंनी विचार बदलला.

लॅबच्या स्क्रीनवरचं कॅलेंडर तेच, आणि त्यात बदलांची नोंद असते. ती हवालदाराने काढून आणली. मालकांशी बोलायचा ब्लॉक पुसला, एक वाजून बारा मिनिटं. त्या जागी बाईंच्या रांगेत 'बाहेर, सॅम्पल आणायला', दोन-पन्नास ते पाच, एक वाजून चौदा. मग सुनेचे ब्लॉक, एक वाजून एकवीसपर्यंत. सगळं दाराजवळच्या कॉम्प्युटरवरून, लॅबच्या सामायिक खात्यातून. ते खातं चौघंही वापरत, त्यामुळे नाव नाही.

"आणि मॅडम, हे." हवालदाराने पिशवी पुढे केली. पिवळ्या डब्यातला कचरा आज जाळायला जायचा होता. डब्यात ग्लोव्ह्जचे पंचवीस-तीस चेंडू, सगळे उलटे सोललेले. अगदी तळाशी एक जोड सरळच निघालेली, बोटांची टोकं धरून ओढून काढल्यासारखी. त्यातल्या एकात दट्ट्या कोंबलेला.

इन्स्पेक्टरबाईंनी पिशवीकडे पुरतं मिनिटभर बघितलं. मग ठसेवाल्याकडे धाडून दिली.

तेवढ्यात जिन्यात आरडाओरडा झाला. मुलगा आला होता, बाईंचा मुलगा, सुनेचा नवरा. "अजून ही इथेच? हातात बेड्या नाहीत? माझी आई तिकडे मरतेय!"

"हळू," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

"आई काल सकाळी मला म्हणाली होती, आज तीनला मी सांगून टाकणार. हिला ते माहीत होतं. अजून काय पुरावा पाहिजे तुम्हाला?"

"तुमच्या आईने कुणाबद्दल सांगणार म्हणून सांगितलं?"

"हिच्याबद्दलच!"

"हिचं नाव घेतलं?"

तो अडखळला. "नाव कशाला घ्यायला पाहिजे?"

"बसा तिथे. तोंड मिटून."

सून कोपऱ्यात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तोंड फिरवलं.

साडेअकरा झाले होते. इन्स्पेक्टरबाईंनी मॅनेजर, चष्मा आणि सून यांना एकेक कोरा कागद दिला. "मोठ्या बाई उद्या येत नाहीत. त्यांचं काम तिघांना वाटून घ्यावं लागेल. उद्याचा दिवस बसवून द्या, नऊ ते पाच. प्रत्येकाने आपापल्या मनाने. लॅब चालू ठेवायची का सील करायची, ते मी त्यावर ठरवीन."

मॅनेजर खूश झाला. त्याने खिशातून पट्टी काढली. दहा मिनिटांत तिन्ही कागद आले. इन्स्पेक्टरबाईंनी ते भिंतीवर, स्क्रीनच्या खाली चिकटवले आणि सगळ्यांना समोर उभं केलं.

"सकाळपासून तुम्ही सगळे मला एकच सांगताय, दोन वाजता मी कुठे होतो. हे केबिनमध्ये. हे सूक्ष्मदर्शकाशी. ही सॅम्पलच्या खिडकीत. सगळे खरं बोलताय, मी पडताळलं. पण दोन वाजता कुणी कुठे असायची गरजच नव्हती. दट्ट्या आधीच काढला होता. दार आपोआप बंद होतं. बाई ठरल्या वेळी आपल्या पायांनी आत गेल्या, कारण कॅलेंडरमध्ये त्यांचा ब्लॉक होता, दोन ते दोन-पन्नास, कोल्ड रूममधली मोजणी. राहिलं काय? त्यांना कुणी शोधू नये, आणि दार कुणी उघडू नये. ही दोन्ही कामं या स्क्रीनने केली. तुम्ही सगळे त्याचं ऐकत राहिलात."

त्यांनी बदलांच्या नोंदीचा कागद वर धरला.

"म्हणून प्रश्न एवढाच, की एक-बारा ते एक-एकवीस या वेळात त्या कॉम्प्युटरशी कोण बसलं होतं. सुट्टीत तिघंही एकेकटे. साक्षीदार कुणालाच नाही." त्यांनी सुनेच्या कागदावर बोट ठेवलं. "ही बघा. नऊ ते नऊ-पन्नास. दहा ते अकरा-वीस. साडेअकरा. ही फट सोडते. चष्म्याचाही कागद तसाच. मी त्यांना फट सोडा म्हटलं नव्हतं. कारण इथे हातात ग्लोव्ह्ज घालून काम करणाऱ्या माणसाला दोन कामांच्या मध्ये दहा मिनिटं लागतातच. सोलायचे, धुवायचं, कोट बदलायचा. आज सकाळी मी मोजलं. त्यांना हे आठवावंही लागत नाही. आता हा तिसरा कागद."

मॅनेजरच्या कागदावर नऊपासून पाचपर्यंत एकही पांढरी रेघ नव्हती.

"आणि कालचे बदललेले ब्लॉक बघा. बाईंची मोजणी दोन-पन्नासला संपते, 'बाहेर' दोन-पन्नासलाच सुरू. सुनेची भांडी चारला संपतात, नोंदी चारलाच. या लॅबमध्ये असा ब्लॉक कोण लावतं? ज्याला पांढरं दिसलं की डोकं फिरतं, तो."

मॅनेजर मोठ्याने हसला. "हा पुरावा? कोर्टात सांगा, हसून हसून लोळतील."

"पुरावा वेगळा आहे. तुम्ही दट्ट्या काढताना ग्लोव्ह्ज घातलेत. हुशारी केलीत. पण काढताना कसे काढायचे ते तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही ते कधी घालतच नाही. इथली माणसं सोलून उलटे करतात. तुमचे सरळ निघाले. ठसे दट्ट्यावर नाहीत, ग्लोव्हच्या आत आहेत. तासाभरात कळेल कुणाचे."

मॅनेजरचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्याने चष्म्याकडे बघितलं, मग दाराकडे. दारात हवालदार होता.

"का?" हे सुनेने विचारलं.

"तुमच्या वहीतला आकडा यांनी रिपोर्टात बदलला," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "टाकीच्या कंत्राटदाराशी यांचं साटंलोटं असावं, ते बघू. त्याच्यावर शिक्का तुमच्या सहीचा. शाळेतली पोरं ते पाणी प्यायली असती, आजारी पडली असती, तर बोट कुणाकडे गेलं असतं? तुमच्या सासूबाईंनी वही आणि रिपोर्ट शेजारी ठेवून बघितले. तीन वाजता मालकांना त्या तुमची तक्रार सांगणार नव्हत्या. यांची सांगणार होत्या. तोंड बंद ठेव म्हणाल्या, कारण हे केबिनमधून ऐकत होते."

सून स्टुलावर बसली.

"मला मारायचं नव्हतं त्यांना," मॅनेजर एकदम बोलायला लागला. "आईशप्पथ. फक्त तीनचा फोन चुकवायचा होता. तेवढ्या वेळात मी वही बदलली असती. नंतर मीच जाऊन दार उघडणार होतो."

"किती वाजता?"

"साडेतीनला. फोन संपला की."

"मग सुनेला सव्वापाचपर्यंत अडकवलंत कशाला? आणि बाईंना पाचपर्यंत बाहेर कशाला दाखवलंत?"

मॅनेजर दाराकडे सरकला.

"घेऊन जा याला," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "मालकांचा मेहुणा आहे म्हणून जीपमध्ये पुढे बसवू नका."

दवाखान्यातून फोन आला तो बाराला पाच कमी असताना. बाईंनी डोळे उघडले होते. इन्स्पेक्टरबाईंनी सुनेला आपल्या गाडीत घातलं. नवरा मागून स्कूटरवर आला. वॉर्डच्या बाहेर त्याने तिला गाठलं.

"ऐक ना. चुकलं माझं. आईला तसं बघितलं आणि डोकंच चाललं नाही. सगळे म्हणत होते..."

सून थांबली. "सगळे म्हणत होते. तुम्ही सही केलीत."

"अगं, आता जाऊन मागे घेतो जबाब."

"त्याची गरज नाही आता."

आत बाई पांघरुणांच्या ढिगाखाली होत्या. चेहरा पांढराफटक, हाताला पट्ट्या. डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटं, जास्त बोलायचं नाही. मुलगा पुढे सरकला आणि रडायला लागला.

"हिला पोलिसांत कुणी दिलं?" बाईंनी विचारलं. आवाज खरखरीत, पण धार तीच. नर्सने सांगितलं असावं.

मुलगा डोळे पुसत राहिला.

"तुला विचारतेय."

"आई, मला वाटलं, तुझं आणि हिचं..."

"माझं आणि हिचं काय असेल ते आमचं. मी हिला आयुष्यभर बोलेन. ही उलट बोलेल. पण ही वहीत खोटं लिहीत नाही, आणि दाराआड कोंडून कुणाला मारत नाही. सहा वर्षं शेजारी झोपून तुला एवढंही कळलं नाही?" त्यांना धाप लागली. "जा. माझी नात आण. हिच्या हातात दे. मग माझ्यासमोर ये."

तो गेला. इन्स्पेक्टरबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी त्याला वाट करून दिली.

सून पलंगापाशी आली. सासूच्या पायांवरचं पांघरूण सरकलं होतं, ते तिने नीट केलं.

"आई, काल मी तुम्हाला शोधायला हवं होतं. मी मुद्दाम विचारलं नाही. रागात होते."

बाईंनी मान तिच्याकडे वळवली.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आत बसून तेच म्हणत होते मी. आज सकाळी हिला एवढं बोलले नसते, तर ही आली असती."

सुनेने पलंगाच्या कठड्यावर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडायला लागली. सासूचा पट्ट्या बांधलेला हात पांघरुणातून हळूहळू बाहेर आला आणि तिच्या केसांवर येऊन थांबला.